कांद्याचा पसारा

सोमवारी सकाळी दहाला गॅसची जोडणी कायमची बंद करायला माणूस येणार होता. आदल्या दिवशी, रविवारी दुपारी चार वाजता, लॅबबाई स्वतःच्या स्वयंपाकघरात स्वतःच्या दोन मुलांसमोर अख्खे कांदे तळून दाखवणार होत्या. ते नीट पार पडलं तर माणूस येणार नाही. नाही पडलं, तर लॅबबाई विजेवरची किटली आणि बाहेरून येणारा जेवणाचा डबा मुकाट्यानं मान्य करतील. असा करार झाला होता, आणि तो लॅबबाईंनीच सुचवला होता.

लॅबबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेत त्या चौतीस वर्षं साहाय्यक होत्या. परीक्षानळ्या धुवायच्या, द्रावणं तयार करायची, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि कुणी ॲसिडची बाटली नाकाशी नेली तर त्याच्या मनगटावर फटका द्यायचा, हे त्यांचं काम. नाव निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. पोटची मुलंसुद्धा लाडात आली की, किंवा फार वैतागली की, आईला लॅबबाई म्हणत.

दीड वर्षापूर्वी डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली. अंधत्व नव्हे. नजरेच्या बरोबर मध्यभागी एक राखाडी डाग येऊन बसला. जिथे बघावं तिथे तो आधी हजर. कडेचं मात्र सगळं दिसे. त्यामुळे माणसाचा चेहरा बघायचा तर त्याच्या कानाकडे बघावं लागे, आणि कढईत काय चाललंय ते बघायचं तर शेगडीच्या बटणाकडे. डाग जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. वाढेल का, असं लॅबबाईंनी विचारलं. सावकाश वाढेल कदाचित, असं उत्तर आलं. त्यांनी बरं म्हटलं, पर्स उचलली आणि दरवाजाऐवजी दरवाजाच्या बिजागरीकडे बघत बाहेर पडल्या.

खरं तर इथवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी भांडं उतरवायचा फडका पेटला, तिथून सगळं सुरू झालं. लॅबबाईंनी तो चिमट्यात धरून सिंकमध्ये टाकला आणि नळ सोडला. सगळं मिळून दहा सेकंद. लपवलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण प्रयोगशाळेत काही सांडलं, फुटलं किंवा पेटलं, की त्याच दिवशी नोंदवहीत लिहायचं असा नियम असतो, आणि चौतीस वर्षांचा नियम काही सेवानिवृत्त होत नाही. त्यांनी संध्याकाळी दोन्ही मुलांना फोन करून झाला प्रकार क्रमवार सांगितला.

थोरला इमारतींमधली आग विझवायची साधनं तपासायच्या कामावर होता. दिवसभर जळलेल्या भिंतींचे फोटो बघणारा माणूस. त्याच्या डोळ्यांसमोर फडक्याच्या जागी अख्खी इमारत उभी राहिली. आता पुरे, गॅस बंद, असं त्यानं जाहीर केलं. धाकटी दुखऱ्या सांध्यांच्या पेशंटांकडून व्यायाम करून घ्यायची. तिचा आवाज नेहमी मऊ, समजूत काढणारा. तिनंही दादाचं अगदीच चुकत नाही असं सांगितलं. भांडण कुणीच करत नव्हतं. सगळे काळजी करत होते, आणि काळजीशी भांडणं जास्त अवघड.

बोलता बोलता थोरल्यानं एक वाक्य टाकलं.

"चूक होऊ नये असं मी म्हणत नाही, आई. चुका माझ्याही होतात. पण चुकलं, तर तुला कळणार कसं?"

लॅबबाई यावर दोन दिवस गप्प होत्या. राग आला म्हणून नव्हे. प्रश्न चांगला होता. इतक्या वर्षांत इतक्या मुलांनी प्रश्न विचारले, त्यात इतके चांगले मोजकेच. आणि चांगल्या प्रश्नाचं उत्तर तोंडानं देऊन भागत नाही, करून दाखवावं लागतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी थोरल्याला फोन लावला आणि पंधरा दिवस मागितले.

कांदाच का, तर या घरातल्या स्वयंपाकात त्याहून अवघड काही नव्हतं म्हणून. शाळेतल्या एका निरोप समारंभाच्या दिवशी शिक्षकांनी त्यांना एका हॉटेलात नेलं होतं. तिथे सुरुवातीलाच ताटात एक अख्खा कांदा आला. खालून सलग, वरून पाकळ्या उघडलेला, पिठात घोळून कुरकुरीत तळलेला, आणि शेजारी सॉसची वाटी. बाकीच्यांनी पाकळ्या तोडून खायला सुरुवात केली. लॅबबाईंनी तो आधी उलटा करून पाहिला. मुळाचा चकतीएवढा भाग न कापता ठेवलेला होता, त्यानं सगळ्या पाकळ्या धरून ठेवल्या होत्या. घरी त्यांनी पहिल्यांदा तो केला तेव्हा ओट्यावर, फरशीवर आणि धाकटीच्या वहीवर मैदाच मैदा झाला. धाकटी म्हणाली, हा कांदा नाही, हा पसारा आहे. तेव्हापासून या घरात त्या पदार्थाला पसाराच म्हणत. वाढदिवस असो की निकाल, आज पसारा करणार का, असं विचारलं जाई.

मुठीपेक्षा मोठा ओला कांदा खोल तापल्या तेलात सोडायचा, उलटवायचा आणि बाहेर काढायचा. थोरल्यानं ऐकलं तेव्हा तो म्हणाला की तू पोळ्या करून दाखव, भात करून दाखव, एवढं कशाला. लॅबबाईंनी सांगितलं की सोपा पेपर काढून पास झाले तर तूच उद्या म्हणशील, पेपर सोपा होता.

मग त्यांनी कंबर कसली.

पहिला प्रश्न सुरीचा. कांद्याचा शेंडा बोटभर कापायचा, साल काढायची, कापलेली बाजू खाली ठेवून मूळ वर करायचं आणि मुळापासून थोडं अंतर सोडून सुरी सरळ खाली पाटापर्यंत न्यायची. असे सोळा काप. अंतर सोडलं नाही तर कांदा हातात सुटा होऊन येतो. पहिले दोन तसेच आले आणि रस्सा भाजीत गेले. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी औषधाच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण मुळावर उपडं ठेवलं, डाव्या अंगठ्यानं दाबलं आणि सुरीचं टोक झाकणाच्या कडेला टेकवून खाली ओढलं. पत्र्यापलीकडे सुरी जाऊच शकत नव्हती. आधी चार काप, मग प्रत्येकाच्या मधे एक, मग पुन्हा मधे एक. बघायची गरजच नव्हती. उलट डोळे मिटले की काप जास्त सरळ येत, कारण डाग आड यायचा थांबे.

दुसरा प्रश्न तेलाचा. थर्मामीटर होता, पण त्याचे आकडे डागात जात. त्यांनी ओल्या पिठाची वाटाण्याएवढी गोळी तेलात सोडली आणि मनात आकडे मोजले. सहावर वर आली तर तेल थंड, एकवर आली तर जास्त तापलेलं, तीनवर आली तर बरोबर. खाली काळं होणं, वर पांढरं राहणं, हे सगळं त्या आता कानानं ऐकत. कांद्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, तोवर तेल जोरात खडखडतं. पाणी संपत आलं की आवाज बारीक होतो. तो बारीक झाल्यावर वीस मोजायचे आणि काढायचं. बाकी सोनेरी रंग वगैरे पुस्तकातल्या गोष्टी.

तिसरा प्रश्न डब्यांचा, तो त्यांनी रबरांनी सोडवला. मिठाच्या वाटीला एक रबर, तिखटाला दोन, लसणाला तीन, मिरपुडीला चार. वाट्या ट्रेमध्ये डावीकडून उजवीकडे, वापरायच्या क्रमानं. वापरून झाली की उपडी. परीक्षेच्या दिवशी प्रयोगशाळेतलं टेबल मांडायची तीच पद्धत.

चौथा प्रश्न मात्र सुटला नाही. तयार कांदा चांगला झाला की नाही हे सांगणार कोण? इमारतीच्या तळमजल्यावर घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. लॅबबाई पंधरा दिवस बशी घेऊन खाली जात. घड्याळवाल्यानं सात कांदे खाल्ले आणि सातही वेळा उत्तम म्हटलं. एक कांदा आतून कच्चा होता, एक तेल पिऊन जड झाला होता, हे लॅबबाईंना उचलतानाच कळलं होतं. तोही उत्तम. कायम एकच आकडा दाखवणारं उपकरण बिघडलेलं असतं, एवढं त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण माणूस बिचारा सज्जन. त्यांनी त्याचे आभार मानले आणि त्याची उत्तरं सोडून दिली.

स्वतः चाखणं त्यांना माहीत नव्हतं. म्हणजे जेवताना चव कळायची, पण करताना त्या कधी चमचा जिभेला लावत नसत. प्रयोगशाळेतला पहिला नियम तो, की काहीही तोंडात घालायचं नाही. लग्नाआधीच नोकरी लागली, त्यामुळे स्वयंपाक शिकायच्या आधी हा नियम अंगात मुरला. सगळं मापानं. चमचा सपाट भरायचा, सुरीच्या पाठीनं वरचं काढून टाकायचं, घालायचं. चवीनुसार मीठ हा शब्द त्यांना आळशी वाटे. मुलं म्हणत, आमची आई स्वयंपाक करत नाही, प्रयोग करते. पण प्रयोग कधी फसला नव्हता, त्यामुळे चेष्टा चेष्टेवरच थांबे.

रविवारी मुलं पावणेचारलाच आली. थोरल्यानं आल्या आल्या लाल रंगाचं आग विझवायचं नळकांडं स्वयंपाकघराच्या दारात ठेवलं. लॅबबाईंनी त्याच्या कानाकडे बघत ते उचलायला सांगितलं. आज या घरात मी कशाला अडखळून पडणार असेन तर याच नळकांड्याला, असं त्या म्हणाल्या. धाकटी हसली. थोरल्यानं ते खुर्चीखाली सरकवलं, खुर्ची दाराशी ओढली आणि तो हाताची घडी घालून बसला. अटी पुन्हा एकदा म्हणून झाल्या. तो एक शब्द बोलणार नाही. आई, थांब, असं त्याला म्हणावं लागलं तर करार मोडला.

"आणि तू पण," लॅबबाई धाकटीला म्हणाल्या. "खाकरायचं नाही."

त्यांनी आधी सॉस केला. घट्ट दही, त्यात मेयॉनीज, थोडा टोमॅटो सॉस, मोहरीची पेस्ट, मग ट्रेमधल्या वाट्या. एक रबर, दोन रबरं, तीन रबरं. प्रत्येक वाटी उपडी होत गेली. लिंबू पिळलं, घोटलं, वाटी झाकून बाजूला ठेवली. कांदे दुपारीच कापून बर्फाच्या पाण्यात सोडले होते. ते आता उघडले होते. त्यांनी एकेक उचलून पाकळ्यांत बोटं फिरवली, झटकला आणि जाळीवर पालथा घातला. एकदा नव्हे, तीनदा झटकला. धाकटीला वाटलं आई उगाच वेळ काढतेय. थोरल्याला मात्र कळलं की पाणी आणि तापलं तेल या दोघांना आई एकमेकांपासून लांब ठेवतेय. त्यानं घडी घातलेला एक हात सोडला.

मैदा, कॉर्नफ्लोअर, तिखट, मिरपूड. मग अंडं आणि दूध. मग पुन्हा मैदा. प्रत्येक पाकळी वेगळी करून आत पीठ पोचवायचं, मुळाशी धरून टकटक करून जास्तीचं झाडायचं. पीठ उडत होतं, ओट्यावर, साडीवर, फरशीवर. पसारा नावाला जागत होता.

तेलात गोळी टाकली. लॅबबाईंचे ओठ हलले. एक, दोन, तीन. गोळी वर आली. त्यांनी आच जराशी कमी केली, कांदा झाऱ्यावर बसवला, पाकळ्या खाली आणि मूळ वर, आणि झारा कढईच्या कडेनं आत सरकवला. सोडला नाही, सरकवला.

तेल उसळून खडखडलं. एक शिंतोडा शेगडीबाहेर गेला. थोरल्याची खुर्ची फरशीवर खरकन वाजली. तो उभा राहिला होता. धाकटीनं त्याचं मनगट पकडलं.

लॅबबाई वळल्या नाहीत. "बस," त्या म्हणाल्या. "वाफ आहे. तेल चढत नाहीये, मुळातलं पाणी निघतंय. तीसपर्यंत कमी होईल."

अठ्ठावीसला आवाज उतरला. थोरला बसला. नियमाप्रमाणे तो बोलला नव्हता, त्यामुळे करार शाबूत होता. पण त्याच्या कपाळावर घाम होता, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या आगीचे अहवाल लिहिणाऱ्या माणसाला आपल्या आईच्या कढईसमोर बसणं किती जड जातंय, हे धाकटीला त्याच्या मनगटातूनच कळत होतं. लॅबबाईंनी चिमट्यानं कांदा उलटवला. पुन्हा आवाज, पुन्हा मोजणी. आवाज बारीक झाला. वीस. झाऱ्यानं वर, कढईवर क्षणभर निथळत, मग जाळीवर. गॅस बंद. बटण बंद झालं का ते बोटानं पुन्हा चाचपलं.

दुसरा कांदाही तसाच झाला. तिसरा कापून, उघडून, तसाच जाळीवर होता. तो गरम गरम नंतर, असं त्या म्हणाल्या.

ताटात दोन कांदे, मधे सॉसची वाटी. मुलांनी पहिल्या पाकळ्या तोडल्या. कुरकुर असा आवाज आला आणि लॅबबाईंना जागच्या जागी बरं वाटलं. मस्त झालंय आई, असं धाकटी म्हणाली. थोरल्यानंही एकदम हॉटेलसारखं म्हटलं, आणि सॉसही छान आहे अशी पुस्ती जोडली.

लॅबबाई समोर बसल्या आणि ऐकू लागल्या.

पाकळ्या तुटत होत्या, भरभर, एकामागून एक. कांदा आवडला होता, त्यात शंका नव्हती. पण वाटी ताटावर जराही हलत नव्हती. सुरुवातीला दोनदा तिचा आवाज आला, टक आणि टक. त्यानंतर नाही. आणि पाणी ग्लासात पडल्याचा आवाज मात्र तीनदा आला. कुरकुरीत, तिखट पदार्थ खाताना एक ग्लास ठीक. पाच मिनिटांत तीन म्हणजे कुठे तरी पाणी मुरत होतं. आणि छान म्हणताना थोरल्याचा आवाज अगदी घड्याळवाल्यासारखा निघाला होता, हेही त्यांच्या कानातून सुटलं नव्हतं.

त्यांनी हात लांब केला, वाटी चाचपून जवळ ओढली. भरलेलीच होती. मग त्यांनी एक गोष्ट केली, जी मुलांनी जन्मात पाहिली नव्हती. करंगळी सॉसमध्ये बुडवली आणि जिभेवर ठेवली.

खारट. नुसतं खारट नव्हे, समुद्रासारखं.

मीठ त्यांनी सपाट अर्धा चमचा घातलं होतं, त्यात चूक नव्हती. रबर एकच होतं, त्यातही नव्हती. त्यांनी मनातल्या मनात ट्रे पुन्हा डावीकडून उजवीकडे तपासला आणि तीन रबरांपाशी थांबल्या. पंधरा दिवस सरावाला त्यांनी लसणाची तयार पूड वापरली होती. आज मुलं येणार म्हणून काल ताजा लसूण ठेचला. पाकळ्या खलबत्त्यात निसटत होत्या, तेव्हा घसरू नयेत म्हणून त्यांनी त्यात मिठाचे खडे घातले, चांगले चमचाभर. मग ते सगळं वाटीत काढलं आणि वाटीला लसणाची तीन रबरं लावली. बाटलीत दोन पदार्थ आणि चिठ्ठीवर एकाचंच नाव. शाळेत एखाद्या पोरानं हे केलं असतं तर लॅबबाईंनी त्याला दिवसभर प्रयोगशाळेबाहेर उभं केलं असतं.

"मीठ दोनदा पडलंय," त्या म्हणाल्या. "लसणात होतं, ते मी विसरले."

दोघंही एकदम बोलायला लागली. तितकंसं नाही, चालतंय की, कांद्याबरोबर कळत नाही, आम्हाला थोडं खारटच आवडतं. धाकटीनं तर पाकळी वाटीकडे नेलीसुद्धा. लॅबबाईंनी वाटीवर हात ठेवला.

"फडका पेटला तेव्हा मी तुम्हाला त्याच दिवशी फोन करून सांगितलं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही मला मीठसुद्धा सांगत नाही."

धाकटीनं पाकळी ताटात परत ठेवली.

"तुम्हाला भीती काय आहे, तर आईला कळणार नाही. आणि आईला कळू द्यायचं नाही म्हणून कंबर कोणी कसलीय, तर तुम्हीच. डोळ्यांचं जे झालंय ते झालंय. पण कान आहेत, हात आहेत, आता जीभही कामाला लावीन. त्यांना तुम्ही खोटं खायला घालू नका. एवढंच मागणं आहे माझं. गॅसचं नंतर बोलू."

थोरल्यानं हातातली पाकळी खाली ठेवली. मग म्हणाला, "खारट आहे. फार खारट आहे, आई. दोनदा खाल्ला आणि तिसऱ्यांदा हात गेला नाही. तुला वाईट वाटेल असं वाटलं."

"वाटलंच. मग?"

तो ओशाळं हसला, आणि पाठोपाठ धाकटीही. तिनं कबूल केलं की तिला जिभेवर चटका बसला आणि तिनं तो पाण्यानं झाकला.

"पण मला कळलं," लॅबबाई थोरल्याला म्हणाल्या. "तू विचारलं होतंस ना, कळणार कसं. पाच मिनिटं लागली. वाटी वाजली नाही, पाणी तीनदा ओतलंत. तुम्ही दोघांनी तोंडाला कुलूप लावूनही कळलं. न लावता दोन मिनिटांत कळलं असतं."

आता बोलायला लागल्याच होत्या, तर त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं. सांगितलं नसतं तर चाललं असतं, दिवस त्यांच्या बाजूनं झुकला होता. पण नोंदवहीत अर्धंच लिहिणं त्यांना कधी जमलं नव्हतं. या पंधरा दिवसांत त्यांनी स्वतःचीच तपासणी केली होती. तेल कळतं, आच कळते, पाणी कळतं, भांडं कुठे आहे ते कळतं. एक गोष्ट कळत नाही. बारीक आचेवरची ज्योत खिडकीच्या वाऱ्यानं गेली तर तिला आवाज नसतो, कढईखाली ती कडेनंही दिसत नाही, आणि वास येईतो उशीर होतो. सरावात असं एकदा झालं होतं. घरभर वास सुटल्यावर कळलं.

थोरल्याचा चेहरा गंभीर झाला, पण मघासारखा घाबरलेला नव्हता. हे त्याच्या कामातलं होतं. भीतीला आता एक नेमकी जागा मिळाली होती, आणि नेमक्या जागेवर त्याला उपाय माहीत होता. ज्योत गेली की आपोआप गॅस तोडणाऱ्या शेगड्या मिळतात, असं तो म्हणाला. ज्योतीच्या तोंडाशी एक छोटी सळई असते, ती थंड पडली की झडप बंद होते.

"माहितीय मला," लॅबबाई म्हणाल्या. "दोन धातूंचा सांधा असतो आत. तापला की वीज तयार होते, ती झडप उघडी धरते. नववीच्या मुलांना दाखवायचो आम्ही. तुझ्या उद्याच्या माणसाला म्हणावं, दहाला ये, पण बंद करायला नको, तसली शेगडी घेऊन ये. आणि कॉक बंद-चालू कळायला बटणावर खाच पाडून दे."

थोरला फोन काढून बाहेरच्या खोलीत गेला. तो त्या माणसाला रविवारी त्रास देतोय म्हणून आधी माफी मागत होता, आणि मग कोणती शेगडी, किती बर्नर, झडप कोणत्या प्रकारची, हे अशा बारकाईनं विचारत होता की पलीकडचा माणूस बहुधा घामाघूम झाला असावा.

इकडे धाकटीनं न सांगता दह्याचा दुसरा डबा उघडला. लॅबबाईंनी खारट सॉसचा निम्मा भाग मोठ्या वाडग्यात काढला आणि त्यात दही घातलं. किती, ते मापलं नाही. मापायला आधार नव्हता, मीठ किती पडलंय तेच माहीत नव्हतं. एक मोठा चमचा घातला, घोटला, करंगळी जिभेवर. अजून एक. पुन्हा करंगळी. धाकटी बघत राहिली. चाखताना आईच्या भुवया वर जात होत्या, एखाद्या नव्या विद्यार्थ्याच्या जातात तशा. तिसऱ्या चमच्यानंतर मीठ मागे हटलं आणि त्याच्यामागून लिंबू, मग लसूण पुढे आले. लॅबबाई थांबल्या. इतकी वर्षं हे सगळं आपण नुसतं मोजलंच, असं काहीसं त्यांच्या तोंडावर आलं होतं.

त्यांनी गॅस पेटवला, तेल पुन्हा तापवलं, तिसरा कांदा पिठातून काढून झाऱ्यावर बसवला. या वेळी दाराशी कुणी बसलेलं नव्हतं. थोरला फोन संपवून आला तेव्हा कांदा तेलात होता, आणि त्यानं खुर्ची उचलून जेवणाच्या टेबलाला लावली. आवाज बारीक झाला, लॅबबाईंनी वीस मोजले. धाकटीनंही मनात मोजले, तिचे अठरा झाले होते.

गरम कांद्याची पाकळी तोडताना थोरल्याचं बोट भाजलं. त्यानं ती वाडग्यात बुडवली, खाल्ली, चावता चावता छताकडे बघितलं.

"मीठ बरोबर," तो म्हणाला. "पण दह्यामुळे आता मिळमिळीत झालाय. तिखट पाहिजे."

धाकटीनं एक पाकळी घेतली. "दादाचं बरोबर आहे. मोहरीही गेलीय."

लॅबबाईंनी ट्रेमधली दोन रबरांची वाटी चाचपली, उपडी होती ती सुलटी केली, डब्यातून तिखट आणायला धाकटीला पाठवलं. चिमूटभर घातलं, घोटलं, करंगळी जिभेवर ठेवली आणि थोरल्याच्या कानाकडे बघत वाडगा पुढे केला.

त्यानं पुन्हा एक पाकळी बुडवली. सावकाश खाल्ली.

"अजून जरा," तो म्हणाला.